टीव्हीवरच्या शिवणस्पर्धा आणि कपड्याची उलटी बाजू

गेली काही वर्षे आम्हाला एक व्यसन लागले आहे. टीव्हीवर शिवणकामाच्या स्पर्धा पाहण्याचे. घरातली मंडळी हसतात. म्हणतात, स्वयंपाकाची स्पर्धा पाहिली तर एखादा नवा पदार्थ तरी पानात पडेल. या शिवणाच्या स्पर्धेतून काय निघणार? आम्ही सांगतो, वाद निघतो. आणि आमच्या वयाला नवे पदार्थ पचत नाहीत, वाद पचतो.

वाद घालायला समोर कोणीतरी लागते. आमची जोडीदारीण राहते अबू हमूरला. बऱ्याच वाचकांनी हे नाव ऐकले नसेल. कतारची राजधानी दोहा, तिच्या दक्षिण अंगाची ही वस्ती. तिथे भारतीय मुलांच्या शाळा आहेत, आणि सगळ्या पंथांची ख्रिस्ती देवळे एकाच मोठ्या आवारात आहेत. आमची मैत्रीण ख्रिस्तीही नाही आणि आपल्यातलीही नाही. ती अलिबागची, कोकणी मुसलमानाची लेक. तिचे घर आमच्या इस्रायल आळीला लागून होते. खिरीच्या सणाची खीर इकडून तिकडे जाई आणि ईदचा शीरखुर्मा तिकडून इकडे येई. सातवीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर बसलो. पुढे आम्ही शिकलो, शिक्षिका झालो, या देशात आलो. तिने अलिबागलाच चाळीस वर्षे पायमशीन चालवून पोलकी, झंपर, शाळेचे गणवेश शिवले आणि त्यावर मुले वाढवली. नवरा गेल्यावर मुलाने तिला अबू हमूरला नेले.

आपल्या आणि त्यांच्या देशांत राजनैतिक संबंध नाहीत. २०२२च्या फुटबॉलच्या विश्वचषकासाठी तेल अवीवहून दोहाला थेट विमाने गेली, तेव्हा ती म्हणाली, बॉल बघायच्या निमित्ताने ये. आमचे गुडघे नको म्हणाले. तेव्हा जे काही बोलायचे ते व्हॉट्सअॅपवर. ती लिहीत नाही, बोलून पाठवते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी सुईत दोरा ओवताना अजून नातीला हाक मारावी लागते, म्हणून हल्ली शिवण कमी आणि शिवण बघणे जास्त. तिच्या मुलाने आणि आमच्या नातवाने आपापल्या घरी काहीतरी डबी टीव्हीला जोडून दिली आहे. त्यावर आम्ही जुनी-नवी पर्वे मागेपुढे लावून पाहतो. भाग संपला की निरोप सुरू.

मुख्य कार्यक्रम एकच, बीबीसीचा ‘द ग्रेट ब्रिटिश सोइंग बी’. एप्रिल २०१३ मध्ये तो सुरू झाला, मधे २०१६ नंतर खंड पडला आणि २०१९ पासून पुन्हा चालू आहे. केक-पावाची प्रसिद्ध स्पर्धा ज्या मंडळींनी काढली त्यांचाच हा. धंद्याने शिंपी असलेल्यांना यात जागा नाही. घरी हौसेने शिवणारे घेतात. दर भागात तीन कामे असतात. पहिले, दिलेल्या कागदी नमुन्यावरून कपडा बेतून शिवायचा. दुसरे, एखादा तयार किंवा जुना कपडा उसवून त्याचे दुसरेच काहीतरी करायचे, आणि त्याला जेमतेम दीड तास. तिसरे, समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाच्या मापाने शिवायचे. मग एकजण घरी जातो. पहिल्या पर्वात निवेदनाला क्लॉडिया विंकलमन होती. ती आपल्या लोकांपैकी आहे हे आम्ही मैत्रिणीला कळवले, तर ती म्हणाली, तिचे केस डोळ्यांवर येतात, शिवायला बसली तर बोट शिवून घेईल.

त्या पहिल्या पर्वाबद्दल आधी सांगायला हवे, कारण आम्हाला गोडी लागली ती तिथून. चारच भागांचे पर्व, आणि जिंकली कोण? ॲन रोली, वय वर्षे ८१. बाकीची मंडळी तिच्या मुलांच्या, नातवंडांच्या वयाची. ती घाई करत नव्हती. टाचण्या लावायच्या त्या ओळीत, इस्त्री करायची ती प्रत्येक शिवणीनंतर. ज्यांनी हाताने शिवले आहे त्यांना ठाऊक असेल की अर्धे शिवणकाम इस्त्रीचे असते. तरुण स्पर्धक मशीनवर वेळ वाचवतात आणि तो उसवण्यात घालवतात. ॲनबाईंनी उसवलेच नाही असे नव्हे, पण कमी उसवले. आमची मैत्रीण तो भाग पाहून एवढेच म्हणाली, “बघ, डोळे असतील तर हात राहतो.” हे ती स्वतःविषयी बोलत होती. आम्ही उत्तर दिले नाही.

आता परीक्षकांकडे येऊ. पॅट्रिक ग्रँट पहिल्यापासून आहेत. लंडनला सॅव्हिल रो म्हणून उंची शिंप्यांची पेठ आहे, तिथले नॉर्टन अँड सन्स हे जुने दुकान त्यांनी २००५ मध्ये विकत घेतले. त्यांच्या जोडीला सुरुवातीला मे मार्टिन होत्या, आयुष्यभर शिवण शिकवलेल्या. २०१६ पासून एस्मे यंग आल्या. त्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कलाशाळेत शिकवतात, आणि १९७०च्या दशकात मैत्रिणींबरोबर लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवत होत्या. आमचा पहिला वाद या दोघींवरून. आम्हाला मे मार्टिन आवडतात. त्या चूक दाखवताना ती कुठे सुरू झाली हे सांगतात. बाही मुंढ्यात नीट बसली नाही, तर दोष बाहीत नसून मुंढा कापतानाच कात्री आत गेली, असे. ही शिकवणाऱ्याची रीत. मैत्रिणीला एस्मेबाई आवडतात, कारण त्या थोडक्यात बोलतात आणि कपडा हातात घेतात. “तुझी मास्तरीण फळ्याजवळ उभी राहते,” ती म्हणते, “ही गिऱ्हाइकाजवळ उभी राहते.” चाळीस वर्षे गिऱ्हाइके सांभाळलेली बाई, तिला हेच दिसणार.

दुसऱ्या वादात आम्हाला आमचे मत थोडे बदलावे लागले. जुना कपडा उसवून नवा करण्याच्या फेरीत परीक्षकांना बाहेर पाठवतात. कोणता कपडा कोणाचा हे त्यांना ठाऊक नसते, आणि तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रम लावायचा. आम्ही शाळेत उत्तरपत्रिकांवरची नावे दुमडून तपासत असू. म्हणून ही फेरी आम्हाला सर्वांत न्यायाची वाटे. बाकीच्या फेऱ्यांत शिवणारा माणूस कपड्याशेजारी हात बांधून, डोळ्यांत पाणी आणून उभा असतो. अशा वेळी परीक्षकाचे मन द्रवते, किंवा द्रवू नये म्हणून तो उगाच कठोर होतो. दोन्ही वाईटच.

मैत्रिणीने विचारले, नाव झाकलेस ते ठीक, पण अंग का झाकतेस? म्हणजे काय? म्हणजे असे, की पहिल्या दोन फेऱ्यांत कपडा पुतळ्यावर असतो. पुतळा श्वास घेत नाही, खाली बसत नाही, हात वर करत नाही. तिसऱ्या फेरीत जिवंत माणूस येतो, पण त्याने करायचे काय, तर चार पावले चालून उभे राहायचे. परीक्षक कधीमधी विचारतात की आरामशीर वाटते का, आणि ती बिचारी हसून हो म्हणते. तिचे मत निकालात धरत नाहीत. तीन माणसांचा मामला, शिवणारा, तपासणारा आणि घालणारा, आणि त्यात घालणाऱ्याला मुकेपण. मैत्रीण सांगते की अबू हमूरला ईदच्या आधी शिंप्यांच्या दुकानांत मोठी झुंबड असते. थोब शिवणारे बहुतेक हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेशचे. तिथे गिऱ्हाईक थोब घालून आरशात बघते ते शेवटी. आधी हात वर करते, मग नमाजाला वाकावे तसे वाकते. पाठीत ओढ बसली की थोब परत. हे परीक्षण अर्ध्या मिनिटाचे असते आणि त्यावर अपील नाही. आपल्याकडे अमिदाला वाकताना कोट मागून वर चढतो की नाही हे ज्याने त्याने आठवून पाहावे. टीव्हीच्या परीक्षकांनी एकदा तरी त्या मॉडेलला जमिनीवरची सुई उचलायला सांगावी. अर्ध्या कपड्यांचा निकाल तिथल्या तिथे लागेल.

परंतु आमची खरी तक्रार याहून वेगळी आहे आणि ती समजायला शिवणातला एक शब्द पाहावा लागेल. तरुण वाचकांना तो ठाऊक नसेल. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आपल्या मराठीत ‘माया’ म्हणतात. माया ठेवणे, माया सोडणे. अंग भरले, मूल वाढले, तर शिवण उसवून ती माया बाहेर काढता येते आणि कपडा मोठा होतो. कोणत्या शिंप्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला कोण जाणे, पण त्या माणसाला मुलेबाळे असली पाहिजेत.

टीव्हीवरच्या स्पर्धेत माया नसते. त्याला कारणे आहेत. विकत मिळणाऱ्या कागदी नमुन्यांत शिवणीची जागा ठरलेली असते, साधारण दीड सेंटिमीटर. शिवणाऱ्याने तेवढीच धरायची. मग ओव्हरलॉकचे मशीन येते. ते कडेला गुंफणही घालते आणि तिथल्या तिथे पात्याने जादा कापड कापूनही टाकते. आतली बाजू एकदम दुकानातल्या कपड्यासारखी स्वच्छ दिसते. परीक्षक कपडा उलटा करतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. कॅमेराही दोन क्षण आत डोकावतो. पण ते बघतात ते सुटलेले धागे, वाकडी टीप, अस्तराची सुरकुती. आत माया किती आहे हे कोणी विचारत नाही. उलट, एखाद्याने जरा रुंद शिवण ठेवली तर ती बाहेरून जाड दिसते आणि गुण जातात.

आश्चर्य याचे वाटते की पॅट्रिक ग्रँट ज्या पेठेतले आहेत तिथे माया हाच धंद्याचा कणा आहे. मापाचा कोट शिवताना बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत मुद्दाम चांगले कापड राखून ठेवतात, कारण कोट पंचवीस-तीस वर्षे घालायचा असतो आणि माणूस तेवढ्या वर्षांत सडपातळ राहत नाही. हे त्यांना आमच्याहून शंभर पटींनी ठाऊक असणार. मग ते विचारत का नाहीत? आमचा अंदाज असा की स्पर्धेतल्या कपड्याला उद्या नसतो. तो चार तासांत जन्मतो, पुतळ्यावर तपासला जातो, आणि तिथेच त्याचे आयुष्य संपते. ज्याला उद्या नाही त्याला माया कशाला?

हे लिहिताना आमची एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. मैत्रिणीने ती गेल्या वर्षी उकरून काढली.

सहावीत असताना शाळेत शिवणाची परीक्षा होती. प्रत्येकीने घरून कापड आणायचे आणि पोलके शिवायचे. आमचे वडील मुंबईला नोकरीला. त्यांनी निळे पॉपलीन पाठवले, हात लावला की घसरावे असे. मैत्रिणीने आणले मांजरपाट. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. आमचे पोलके त्यांनी उंच धरले आणि सगळ्या वर्गाला दाखवले. मैत्रिणीचे चिमटीत धरले, शिवणी चाचपल्या आणि म्हणाल्या, किती बोजड केले आहेस, कापड वाया गेले. आम्हाला पहिला नंबर, तिला काठावर पास. तिने काखेखाली आणि बाजूला दोन्हीकडे चांगली इंच-इंच माया ठेवली होती. ते पोलके तिने तीन वर्षे घातले, दर पावसाळ्याआधी थोडे थोडे सोडवून, आणि नंतर तिच्या बहिणीने घातले. आमच्या निळ्या पॉपलीनच्या पोलक्याचे हुक पुढच्या नव्याच्या सणाला लागेनात. आत सोडवायला काही नव्हते.

“तुला नंबर मिळाला तो कापडाला,” तिने निरोपात म्हटले. साठ वर्षांनी. हसत म्हटले, पण म्हटलेच.

आम्ही दोन दिवस तिला उत्तर पाठवले नाही. राग आला म्हणून नव्हे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांच्या वह्या तपासल्या. किती जणांची माया आम्ही बोजड म्हणून काटली असेल, हा विचार एकदा आला की जात नाही. एखाद्या मुलाने निबंधात फाफटपसारा केला म्हणून लाल रेघ मारली; तो पुढे वाढून त्याच पसाऱ्यात मावला असेल. दोन दिवसांनी आम्ही तिला कळवले, की खरे आहे, नंबर तुझा होता. तिने उत्तरादाखल एका कुडत्याचा फोटो पाठवला, नातवासाठी नुकताच शिवलेला. आम्ही लिहिले, झकास. लगेच उलट निरोप आला, “उलटा करून बघितलास?” फोटो उलटा कसा करणार! हीच तर टीव्हीची अडचण. तिने मग आतल्या बाजूचा फोटो पाठवला. बाजूला सव्वा इंच.

आपल्या लोकांना हे परीक्षण नवे वाटायचे कारण नाही. शेमोतच्या पुस्तकात, निवासमंडपाच्या भागात, याजकाच्या वस्त्रांची जी वर्णने आहेत ती शिवणाऱ्याने वाचावीत. आम्ही लहानपणी तो भाग आला की जांभया देत असू. आता चष्मा लावून वाचतो. मुख्य याजकाच्या निळ्या झग्याला डोके घालायचे भोक मधोमध असावे आणि त्याच्याभोवती विणलेली कड असावी, म्हणजे ते फाटणार नाही, अशी आज्ञा आहे. ज्यांनी गळा शिवला आहे त्यांना हे वाचून कोणीतरी जाणकार बोलतो आहे असे वाटेल, कारण कपडा पहिल्यांदा फाटतो तो गळ्यालाच. खालच्या घेराला डाळिंबे आणि सोन्याच्या घंटा आहेत, ते दिसायला. पण गळ्याची कड टिकायला. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात. आणि परीक्षक कोण? मोशे रब्बेनू. सगळे काम संपल्यावर त्यांनी ते पाहिले, सांगितल्याप्रमाणे झाले आहे असे पाहिले, आणि करणाऱ्यांना आशीर्वाद दिला. बेत्सालेल पहिला आणि अहोलियाव दुसरा असा क्रम लावला नाही. कोणाला रानातून घरीही पाठवले नाही. मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, तुमच्या मूसांना कार्यक्रम विकायचा नव्हता.

आणखी एक परीक्षक आपल्याकडे आहे, त्याच्याविषयी कोणी टीव्हीवर कार्यक्रम काढीत नाही. शाअतनेझ तपासणारा. लोकर आणि ताग एका वस्त्रात नको, ही तोराची आज्ञा. नवा सूट घेतला की धार्मिक घरांतले लोक तो त्याच्याकडे नेतात. तो बाहेरची इस्त्री, रंग, बेत यांकडे बघतही नाही. कॉलरची शिवण थोडी उसवतो, आत ताठपणासाठी घातलेल्या कापडाचे दोन-चार धागे काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. सूट हजारो शेकेलचा असो की बाजारातला, त्याचा प्रश्न एकच, आत काय आहे. असा माणूस त्या ब्रिटिश स्पर्धेत तिसरा परीक्षक म्हणून बसवला पाहिजे असे आम्ही सुचवतो. पॅट्रिकसाहेबांची मिशी त्या दिवशी नक्की हलेल.

अमेरिकेच्या ‘प्रोजेक्ट रनवे’विषयी फार लिहीत नाही. तो २००४ मध्ये सुरू झाला, हिब्रूतही त्याची आवृत्ती निघाली होती. त्यात भाग घेणारे धंद्याचे लोक असतात, आणि परीक्षक रांगेत बसून चालत येणाऱ्या मॉडेलकडे बघतात. वेळ संपत आली की तिथे टाक्यांऐवजी चिकटपट्टीही चालते. तो शिवणाचा कार्यक्रम नव्हे, दिसण्याचा. त्यातला एक माणूस मात्र आम्हाला आवडतो, टिम गन. तो स्पर्धकांच्या टेबलांमधून हिंडे, चष्म्यावरून बघे, काय बिघडते आहे ते सांगे आणि निघून जाई. निकालात त्याला मत नव्हते. शिकवणाऱ्याला मत नाही आणि ज्यांनी काम होताना पाहिले नाही त्यांना आहे, ही गोष्ट शाळेत नोकरी केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. २०१३ मध्ये त्याला एक अधिकार मिळाला, की पूर्ण पर्वात एकदा, काढून टाकलेल्या एका स्पर्धकाला तो परत आणू शके. एकदाच. तरी काही नसल्यापेक्षा बरे.

त्याचीच अरबी आवृत्ती २०१६ मध्ये एमबीसीवर आली, मुख्य परीक्षक एली साब. लेबनॉनचे हे शिंपी २००२ मध्ये जगभर गाजले, हॅली बेरी हिने ऑस्कर घेताना त्यांचा तांबडा झगा घातला होता तेव्हा. अठराव्या वर्षी, १९८२ मध्ये, लढाई चालू असताना त्यांनी बैरुतला कार्यशाळा काढली. लहानपणी ते आईचे टेबलक्लॉथ आणि पडदे कापून बहिणींना कपडे शिवत, असे सांगतात. अबू हमूरच्या सूनबाई हा कार्यक्रम आवडीने पाहत, आणि आमची मैत्रीण भाषा न कळता बाजूला बसून. तिचे म्हणणे, साबसाहेब बोलण्याआधी हाताने कापड चिमटतात, त्यावरून माणूस कामाचा. भाषा न कळल्यामुळे तिला परीक्षकांचे हात जास्त दिसले असावेत. आम्ही इंग्रजी समजत असल्याने शब्दांमागे धावतो.

पडदे कापून कपडे, यावरून त्या ब्रिटिश स्पर्धेतली दुसरी फेरी पुन्हा आठवते. आपल्या पिढीला त्या दीड तासाचे हसू येते. आपल्या घरांत जन्मभर तीच फेरी चालू होती. आईचे नऊवारी लुगडे विरले की चांगल्या भागाचे मुलींचे परकर, त्याच्याखालचे झबल्यांना आणि दुपट्यांना, उरलेल्याची गोधडी, गोधडीतून निघालेल्या चिंध्या हातपुसण्याला आणि अगदी शेवटी दिव्याच्या वातीला. एका लुगड्याची फेरी पंधरा वर्षे चाले. टीव्हीवर ती दीड तासात करतात, आणि टेबलाखाली जो कापडाचा ढीग पडतो तो कोणी मोजत नाही. आमच्या मते त्या फेरीचे अर्धे गुण जमिनीवर पडलेल्या कापडाला असावेत. शिंप्याने कापड मारले, हा आपल्या बायकांचा जुना आरोप. उरलेला तुकडा परत मागून घेणारी गिऱ्हाईक बाई आणि तो न मागता देणारा शिंपी, दोघेही आता दिसत नाहीत. मैत्रीण न मागता देत असे. त्याच तुकड्यांच्या पिशव्या होऊन अलिबागच्या निम्म्या मुलांची पुस्तके शाळेत गेली, असे ती सांगते. निम्म्या हे जरा जास्त होते, पण सोडून देतो.

एवढे दोष काढले तरी कार्यक्रम आम्ही सोडत नाही. त्यात माणसे एकमेकांना टाचण्या देतात, शेजाऱ्याचे मशीन अडले तर स्वतःचे काम टाकून उठतात, हे घरबसल्या बघायला बरे वाटते. आणि कधीकधी निकाल असा लागतो की दोघींना कबूल. २०२३ मध्ये वेल्समधल्या अस्मा अल-अल्लाक जिंकल्या. धंद्याने स्तनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर. मैत्रिणीला अरबी नाव ऐकूनच आनंद झाला होता, तो आम्ही पक्षपात म्हणून तिच्या खाती मांडला. पण अंतिम भागात त्यांचा हात पाहून आम्हीही गप्प बसलो. माणसाचे अंग शिवणारी बाई, तिला माहीत असणार की वरून दिसते ती शिवण शेवटची असते, आत थरावर थर असतात. कपडे तिने तसेच शिवले.

आता आमची पद्धत अशी झाली आहे. निकाल सांगण्याआधी टीव्ही थांबवायचा. दोघींनी आपापला निकाल कागदावर लिहायचा, पहिला कोण आणि घरी कोण, आणि फोटो पाठवायचा, म्हणजे मागाहून कोणी फिरवाफिरव करायला नको. ती मराठी बाळबोध अक्षरात लिहिते, शाळेतले वळण अजून तसेच. मग टीव्ही चालू. परीक्षकांशी ज्याचा निकाल जुळेल त्याला एक गुण. गेल्या पर्वाअखेर आमचे अकरा, तिचे सात. हा हिशेब पाठवला तेव्हा ती म्हणाली, म्हणजे तू अजून परीक्षकांच्या बाजूचीच. पुढच्या पर्वापासून न जुळणाऱ्याला गुण द्यायचे असे तिने सुचवले आहे. आम्ही अजून होकार दिलेला नाही.